दोन भरत्यांच्या मध्ये: नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे अडथळे कसे काढले

समुद्रातून सैन्य उतरलं की किनाऱ्यावरचे अडथळे काढायचे म्हणजे स्फोटकं लावून लोखंड उडवायचं, अशी आपली समजूत असते. खरं तर स्फोट हा त्या कामाचा सर्वांत छोटा भाग. पाण्याची वेळ साधणं, मोकळ्या केलेल्या वाटेवर खूण लावणं आणि मोडलेलं लोखंड पुढच्या नावेच्या तळाखाली येणार नाही अशा जागी नेऊन टाकणं, यातच बहुतेक श्रम जातात. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं. तिथे, विशेषतः अमेरिकी सैन्याच्या वाट्याला आलेल्या ओमाहा किनाऱ्यावर, या तिन्ही गोष्टी कुठे जमल्या आणि कुठे फसल्या याच्या बारीक नोंदी झाल्या. त्यामुळे हे काम समजून घ्यायला ओमाहासारखं दुसरं उदाहरण नाही. पुढचा क्रम त्या दिवशीच्या कामाचाच आहे.

आधी पाण्याचं गणित

सुरुंग, तोफा, मशीनगन हे सगळं नंतर. पहिल्यांदा भरतीचं कोष्टक समोर घ्यायचं.

नॉर्मंडीच्या या भागात भरती आणि ओहोटी यांतला फरक सुमारे १८ फुटांचा. ओहोटीला ओमाहावर सरासरी ३०० यार्ड घट्ट वाळू उघडी पडते. ६ जूनला पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको: भांगाला पाणी रेंगाळतं, उधाणाला ते धावत येतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याची उंची पाच मीटरच्या आसपास जाते, तेव्हा गिरगाव किंवा दादरच्या पुळणीचं काय होतं ते डोळ्यांसमोर आणलं तर ओमाहाचा अंदाज येईल.

ढोबळ हिशेबाला बाराव्या हिश्श्याचा नियम पुरतो. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक बारांश चढतं. १८ फुटांना हा नियम लावला तर पहिल्या तासात दीड फूट, दुसऱ्यात तीन, तिसऱ्या-चौथ्यात साडेचार-साडेचार. ओमाहावर त्या सकाळी पाणी तासाला सुमारे ४ फूट चढत होतं. १८ फुटांचा चढ ३०० यार्डांवर पसरलेला धरला, तर पाण्याची कड मिनिटाला सरासरी एक यार्डाहून थोडी जास्त आत सरकते. उभ्या माणसाला हे जाणवतही नाही. गुडघे टेकून गाठ मारणाऱ्याच्या मात्र दहाव्या मिनिटाला पाणी मांड्यांशी भिडतं.

यातून कामाचा वेळ निघतो. साडेपाच फूट उंचीचा अडथळा, पायाशी पाणी लागल्यापासून, साधारण ८० मिनिटांत पूर्ण बुडतो. काम मात्र त्याच्या बरंच आधी थांबतं. तीन फूट पाणी व्हायला ४५ मिनिटं लागतात आणि कमरेएवढ्या पाण्यात, लाटा अंगावर घेत, दोऱ्या बांधणं अशक्य होतं. म्हणून कोणत्याही रांगेसाठी, पाणी पोचल्यापासून हाताशी फार तर पाऊण तास आहे असं धरून चालायचं.

किनाऱ्याच्या बचावाची जबाबदारी असलेला जर्मन सेनापती रोमेल याचा अंदाज होता की शत्रू भरतीच्या वेळी उतरेल, कारण त्याने सैनिकांना उघड्या वाळूवरून कमी पळावं लागतं. त्या हिशेबाने अडथळे भरतीच्या वेळी पाण्याखाली लपतील असे लावले होते. दोस्तांनी हवाई छायाचित्रांत ते पाहिले आणि चढाईची वेळ ओहोटीनंतर लगेचची धरली. अमेरिकी किनाऱ्यांवर ती सकाळी ६:३० ची होती. पूर्वेकडच्या ब्रिटिश किनाऱ्यांवर भरतीची वेळ उशिरा येते, म्हणून तिथे पहिल्या तुकड्या जवळपास तासाभराने उतरल्या. अडथळे उघडे दिसावेत यासाठी पायदळाला ३०० यार्ड उघड्यावरून धावायला लावलं, हा सौदा होता. आमच्या मते तो बरोबरच होता. पाण्याखालचे अडथळे मारतात तेव्हा नावेसकट सगळ्यांना मारतात.

समोर काय आहे ते ओळखा

प्रत्येक अडथळा काढायची रीत वेगळी आहे, म्हणून ओळख पक्की हवी. ओमाहावर समुद्राकडून किनाऱ्याकडे येताना पट्टे असे होते.

सर्वांत बाहेर, भरतीच्या रेषेपासून सुमारे २५० यार्डांवर, लोखंडी फाटकं. यांना ‘एलिमेंट सी’ किंवा बेल्जियन गेट म्हणत, कारण मुळात ती बेल्जियमने रणगाडे अडवायला बनवलेली. साधारण १० फूट रुंद, ७ फूट उंच, मागून तिरक्या टेकूंनी धरलेली लोखंडी चौकट. वजन एक टनाहून जास्त. उभ्या खांबांना टेलर सुरुंग बांधलेले. टेलर सुरुंग मूळचा रणगाड्यांविरुद्धचा, थाळीच्या आकाराचा, आत पाच किलोंहून जास्त स्फोटक.

त्याच्या २०-२५ यार्ड आत लाकडी ओंडके. काही नुसतेच तिरके रोवलेले, टोक समुद्राकडे, टोकावर सुरुंग. काही उताराच्या आकाराचे: समुद्राकडे बुटके, किनाऱ्याकडे उंच. सपाट तळाची नाव त्यावर चढून एका कुशीवर कलंडावी किंवा वरच्या सुरुंगावर जावी, हा हेतू. खांब रोवताना जर्मनांनी जोरदार पाण्याचा फवारा वापरून वाळू सैल करण्याची युक्ती अवलंबली, त्यामुळे ते झपाट्याने आणि खोल गेले. काढणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं, कारण अशा खांबाची मूठभर टोकं दिसतात आणि बाकीचा धड वाळूत असतो.

शेवटचा पट्टा, किनाऱ्यापासून सुमारे १३० यार्डांवर, हेजहॉगचा. रुळाचे किंवा जाड अँगलचे तीन तुकडे मध्यभागी जोडून केलेली ही लोखंडी साळिंदरं. कुठल्याही बाजूला लोटली तरी तीन पायांवर उभी राहतात आणि तीन टोकं वर करतात. नावेच्या प्लायवूडच्या तळाला एक टोक पुरे.

त्यानंतर भरतीच्या रेषेवर गोट्यांचा बांध, काटेरी तार, काही ठिकाणी भिंत, रणगाडाविरोधी खंदक आणि त्यामागे सुरुंगांची शेतं. हे अडथळे पाण्यातल्यांइतके चर्चेत येत नाहीत, पण वाहनांची कोंडी शेवटी इथेच झाली.

आणखी एक भीती इतर ठिकाणी असे. काँक्रीटच्या ठोकळ्यात तोफगोळा बसवून वर खुंटा उभा केलेला, म्हणजे ‘नटक्रॅकर’. नावेचा धक्का खुंट्याला लागला की खुंटा गोळ्याला दाबतो. अशा वस्तूला दोर लावून ओढायचं तर आधी खुंटा कुठे वळतोय ते पाहायचं.

वाट किती रुंद आणि किती

संपूर्ण किनारा एका पहाटेत साफ करणं शक्य नाही, म्हणून वाटा पाडायच्या. ओमाहा सुमारे ७,००० यार्ड लांब. त्यावर १६ वाटा ठरल्या, प्रत्येकी ५० यार्ड रुंद. ५० यार्ड का? ३६ फूट लांबीची एलसीव्हीपी, म्हणजे सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी छोटी नाव, वाऱ्याने आडवी वळली तरी दोन्ही कडांना लागू नये, आणि एक मोडून पडली तरी दुसरीला जागा उरावी. यापेक्षा अरुंद वाट पहिल्याच अपघातात बंद होते.

अमेरिकी सैन्याच्या दुसऱ्या, युटा किनाऱ्यावर नकाशात ५० यार्डांच्या आठ वाटा होत्या. तिथे अडथळे विरळ आणि गोळीबार कमी निघाला, तेव्हा वाटांचा विचार सोडून संपूर्ण किनाराच मोकळा करण्याचं ठरलं आणि सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो मोकळा झालाही. ही लवचीकता शिकण्यासारखी आहे. अडथळे कमी असतील तर वाटा मोजत बसण्यापेक्षा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सगळं उचलत जाणं जलद पडतं, कारण खुणा लावण्याची कटकटच राहत नाही.

टोळी आणि सामान

ओमाहासाठी १६ वाट-पथकं, ८ मदत-पथकं आणि २ नेतृत्व-पथकं बांधली गेली. १४६ आणि २९९ क्रमांकाच्या इंजिनियर बटालियनी आणि नौदलाच्या स्फोटक-तुकड्या यांचं हे मिश्रण, लेफ्टनंट कर्नल जॉन ओ’नील यांच्या हाताखाली. एका पथकात सुमारे ४० माणसं. समुद्राकडचा अर्धा पट्टा नौदलाच्या लोकांनी आणि किनाऱ्याकडचा सैन्याच्या इंजिनियरांनी करायचा, अशी वाटणी. नौदलाच्या तुकड्यांचं प्रशिक्षण १९४३ पासून फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला, ड्रेपर कॉफमन यांच्या देखरेखीखाली झालं होतं.

प्रत्येक वाट-पथकामागे एक बुलडोझर-रणगाडा ठेवला होता, म्हणजे एकूण १६. स्फोटकांचा जादा साठा रबरी होड्यांत भरून ओढत न्यायचा होता. सोबत कातऱ्या, दोर, सुरुंगशोधक, खुणेचे बोये आणि काठ्या.

खास बनवलेलं साधन म्हणजे हेगेन्सन पिशव्या. नौदलाचे लेफ्टनंट कार्ल हेगेन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कॅनव्हासच्या लांबट पिशव्या. प्रत्येकीत सुमारे दोन पौंड मऊ स्फोटक. त्या आकड्याने आणि दोरीने लोखंडाभोवती घट्ट बसत आणि सगळ्या एकाच स्फोटक दोरीने जोडता येत. यामागचं तत्त्व महत्त्वाचं आहे. एका जागी मोठा ढीग ठेवून उडवला तर फाटक उंच उडतं, त्याचे तुकडे आपल्याच माणसांवर येतात आणि मूळ सांगाडा वाकडातिकडा होऊन पूर्वीपेक्षा अवघड अडथळा बनतो. तेच लहान-लहान भार सांध्यांवर वाटून लावले की चौकट जागच्या जागी कोसळून आडवी पडते. वरून नाव जाऊ शकते. लोखंड पाडायचं असेल तर पट्ट्या तोडण्यापेक्षा सांधे सोडवायचे, ही त्यातली अक्कल.

सकाळी काय चुकलं आणि का

पथकं ६:३३ ला उतरणार होती, म्हणजे पहिल्या पायदळानंतर तीनच मिनिटांनी. सात वाजता सैनिकांची पुढची लाट येण्याआधी वाटा तयार हव्या होत्या. म्हणजे हातात सत्तावीस मिनिटं. या योजनेत ढिलाईला जागाच नव्हती आणि ढिलाई तर सगळीकडून आली.

निम्म्याहून जास्त पथकं दहा मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोचली. वारा आणि प्रवाह पूर्वेकडे ढकलत होता, त्यामुळे १६ पैकी फक्त पाचच पथकं आपापल्या ठरलेल्या जागी लागली. पश्चिमेकडच्या डॉग विभागात त्यामुळे मनुष्यबळ तुटपुंजं पडलं. किमान तीन पथकं अशा जागी उतरली जिथे पुढे आपलं पायदळही नव्हतं आणि रणगाडेही नव्हते. बंदुकांचा सगळा रोख त्यांच्यावरच आला.

रबरी होड्या ही मोठी चूक ठरली. पाण्यावर ठळक दिसणारी, हळू सरकणारी, स्फोटकांनी भरलेली होडी म्हणजे तोफखान्याला दिलेलं निमंत्रण. एका पथकाचे आठ खलाशी अशी होडी ओढत असताना वर गोळा फुटला आणि सगळा साठा उडाला. आठातला एक वाचला. दुसऱ्या एका नावेवर डेकवरचाच साठा फुटला आणि त्या पथकातले नौदलाचे सगळेच गेले. धडा सरळ आहे: स्फोटकं माणसांच्या अंगावर वाटून न्यावीत, एका जागी ढीग करू नये, आणि जादा साठा पहिल्या लाटेत आणूच नये.

१६ पैकी सहाच बुलडोझर-रणगाडे चालू स्थितीत किनाऱ्यावर पोचले. त्यांतले तीन तोफांनी लगेच निकामी केले. म्हणजे ज्या यंत्रांवर निम्मी भिस्त होती, ती तीनवर आली.

याहून वाईट अडचण आपल्याच लोकांची होती. स्फोटकं लावून झाली, जांभळा धूर सोडून इशारा दिला, तरी अडथळ्यामागे आडोसा घेतलेले पायदळाचे सैनिक हलेनात. गोळ्यांच्या पावसात तेवढाच आडोसा होता, त्यांना दोष देता येत नाही. इंजिनियर माणसामाणसाकडे धावून त्यांना उठवत राहिले आणि तेवढ्यात पाणी चढलं. एका ठिकाणी तयार केलेल्या पट्ट्यातून वाहनं गेली आणि जोडणीची दोरीच तुटली, स्फोट झालाच नाही. आणखी एका पथकाची तयारी पूर्ण झालेली असताना एक एलसीव्हीपी ओंडक्यांत घुसली, सात सुरुंग फुटले आणि बार उडवताच आला नाही. भार लावणं आणि उडवणं यांत जितका जास्त वेळ जाईल, तितकी जोडणी तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून सगळी वाट एकदम उडवण्याचा हट्ट न धरता, तयार झालेला तुकडा लगेच उडवून पुढे जाणं बरं.

सकाळच्या प्रयत्नांत सहा वाटा पूर्ण झाल्या, तीन अर्धवट राहिल्या. त्या पथकांतल्या माणसांची त्या दिवसाची हानी सुमारे ४१ टक्के धरली गेली, बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातली. इतकी किंमत मोजून सहा वाटा.

खूण नसलेली वाट ही वाट नव्हे

आता आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. त्या सहांपैकी फक्त एकाच वाटेवर खुणा लावता आल्या, कारण बोये आणि काठ्या नावांबरोबर बुडाल्या होत्या. तासाभरात भरतीने सगळे अडथळे झाकले. वरून पाहता मोकळं पाणी आणि सुरुंगांवरचं पाणी सारखंच दिसतं. मग सुकाणूवरच्या माणसाला कळणार कसं? नावा बाहेरच घिरट्या घालू लागल्या, एकाच खूण असलेल्या वाटेकडे गर्दी करू लागल्या. साडेआठच्या सुमाराला किनाऱ्यावर वाहनं उतरवणं थांबवावं लागलं.

खूण कशी लावायची, तर दोन प्रकारांनी. समुद्राकडच्या टोकाला, वाटेच्या दोन्ही कडांना नांगरलेले बोये. नांगर जड हवा आणि दोर भरतीच्या पूर्ण खोलीपेक्षा लांब हवा, नाहीतर बोया पाण्याखाली ओढला जातो. त्याच वेळी दोर इतकाही लांब नको की बोया वाटेत तरंगत येईल. दुसरं, किनाऱ्यावर एकामागे एक अशा दोन उंच काठ्या किंवा फलक. नाव चालवणाऱ्याला ते दोन्ही एका रेषेत दिसले की तो वाटेच्या मध्यावर आहे. कोकणातले तांडेल खाडीच्या मुखातून आत येताना देवळाचा कळस आणि एखादं झाड जुळवून हेच करतात. मागची काठी पुढचीपेक्षा उंच हवी आणि दोघींत पुरेसं अंतर हवं, नाहीतर वाट चुकूनही रेघ जुळल्याचा भास होतो.

सामान वाटून आणण्याचा नियम इथेही लागू. खुणा एकाच नावेत ठेवल्या तर ती नाव गेली की सगळ्या वाटा मुक्या होतात.

साडेदहाच्या सुमाराला एलसीटी ३० (रणगाडे उतरवणारी) आणि एलसीआय ५४४ (पायदळ उतरवणारी) या दोन नावा, सगळ्या तोफा चालवत, पूर्ण वेगाने अडथळ्यांतून घुसल्या आणि किनाऱ्याला लागल्या. यातून अडथळे भेदता येतात हे सिद्ध झालं आणि इतरांना धीर आला. मात्र याला पद्धत म्हणता येणार नाही. मोठ्या, जड नावेला जे एकदा जमलं ते प्लायवूडच्या नावेला करायला सांगणं चूक.

दुसरी ओहोटी: खरी साफसफाई

दुपारनंतर पाणी उतरू लागलं आणि खऱ्या अर्थाने अडथळे काढण्याचं काम सुरू झालं. समोरच्या टेकडीवरची ठाणी एकेक करून पडत होती. तोफा अजून चालू होत्या, पण मशीनगनचा मारा खूप उतरला होता. संध्याकाळपर्यंत १३ वाटा पूर्ण उघडून खुणा लागल्या आणि एकूण अडथळ्यांपैकी सुमारे ३५ टक्के निघाले.

उतरत्या पाण्यात कामाचा क्रम सकाळच्या उलट असतो. पाणी पुढे आणि माणसं मागे, अशी चाल. आधी वरचे हेजहॉग, मग ओंडके, शेवटी फाटकं. ओहोटीच्या तळाशी पाणी थोडा वेळ थबकतं. सर्वांत बाहेरची फाटकं फक्त तेव्हाच सुकी मिळतात. म्हणून जड यंत्रं तेवढ्यासाठी राखून ठेवायची, वरच्या पट्ट्यात अडकवायची नाहीत. वरचे पट्टे भरती परत येईतो करता येतात, खालचा गेला की पुढच्या ओहोटीपर्यंत बारा तास गेले.

सुरुंग पहिल्यांदा, हे सांगायला नकोच. खाऱ्या पाण्यात काही आठवडे राहिलेल्या सुरुंगांचा स्फोट घडवणारा भाग गंजून निकामी झालेला असू शकतो, आणि नेमका हाच धोका आहे. कुठला मेला आणि कुठला जिवंत हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळे जिवंतच धरायचे. प्रशिक्षित माणसं पुढे, त्यांनी तपासलेल्या अडथळ्याला फडकं किंवा खडू, आणि त्यानंतरच यंत्र. ही साखळी मोडायची नाही, घाई कितीही असली तरी.

हेजहॉग बुलडोझरच्या पात्याने सरळ ढकलला तर त्याचे पाय वाळूत नांगरासारखे रुततात आणि तो जागच्या जागी गरगरतो. त्याचा मुख्य गुणच तो. साखळी वरच्या टोकाला बांधून ओढली तर तो कोलांटी घेत येतो, आणि ओढणारं यंत्र किनाऱ्याकडे असल्याने तो योग्य दिशेने येतो. मोकळ्या वाळूवर दोन-तीन एका साखळीत ओढता येतात. मध्यभागीचा जोड सुटला तर तीन सुटे रूळ मिळतात, ते रचून ठेवायला सर्वांत सोयीचे.

ओंडक्याच्या बाबतीत मोह असतो तो करवतीने कापण्याचा किंवा बुंध्याशी उडवण्याचा. तसं केलं तर वाळूच्या वर हातभर थोटूक उरतं. भरतीला तेच नावेच्या तळात घुसतं, आणि उभ्या खांबापेक्षा ते वाईट, कारण ते दिसत नाही. खांब मुळापासून काढायचा. बुडाभोवती वाळू उकरून किंवा पाण्याने सैल करून, विंचने वर-मागे अशा तिरक्या ओढीने. सरळ आडवा ओढला तर मधेच मोडतो. मोडलाच तर उरलेला भाग वाळूखाली किमान दोन-अडीच फूट खोल जाईपर्यंत सोडायचा नाही, कारण लाटा वाळू खरवडतात आणि गाडलेलं वर येतं.

फाटकाचे टेकू आधी तोडायचे, मग ते समुद्राकडे नाही, किनाऱ्याकडे पाडायचं, आणि पडल्यावर ओढून न्यायचं. तिथेच सोडलं तर वाळू त्यावर साचते आणि पुढे शोधणं कठीण.

काढलेला माल कुठे टाकायचा हे आधी ठरवा. भरतीच्या रेषेच्या वर, बाहेर पडण्याच्या दोन वाटांच्या मधल्या जागेत. वाटेच्या तोंडाशी कधीच नको. घाईत माणूस जवळची जागा पाहतो आणि नेमकं तोंडच बुजवतो.

यानंतरचा भाग कंटाळवाणा म्हणून लोक सोडतात: खड्डे. स्फोटांनी आणि गोळ्यांनी वाळूत पडलेले खड्डे पाण्याने भरतात, वरून उथळ डबकं वाटतं आणि त्यात जीप बोनेटपर्यंत जाते. बुलडोझरने वाळू लोटून सगळा पट्टा समतल करायचा. काटेरी तारेचे तुकडे वेचायचे, कारण ते पंख्यात गुंडाळले की नाव हातपाय बांधल्यासारखी लाटेला आडवी होते. लोखंडी चुरा टायर फाडतो. आणि मोडलेल्या नावा, बुडालेले ट्रक, हेही आता अडथळेच. दुपारपर्यंत ओमाहावर जर्मनांनी लावलेल्या अडथळ्यांइतकीच आपल्या भंगाराचीही अडचण झाली होती.

एवढी काळजी का, तर पुढे मोठी एलएसटी जहाजं येणार होती. ३२८ फूट लांबीचं हे सपाट तळाचं जहाज भरतीला किनाऱ्यावर आणून ठेवायचं, ओहोटीला ते वाळूवर कोरडं बसतं, तोंड उघडून ट्रक थेट वाळूवर उतरतात आणि पुढच्या भरतीला ते निघून जातं. जहाजाचं सगळं वजन वाळूवर येतं तेव्हा खाली एक थोटूक, एक रूळ राहिला तरी तळ फाटतो. तपासणी म्हणून ओहोटीला माणसांची रांग हातभर अंतराने चालवून प्रत्येक यार्ड पायाखालून घालणं याला पर्याय नाही.

गोटे, खंदक आणि वर जायची वाट

भरतीच्या रेषेवरचा गोट्यांचा बांध काही ठिकाणी १५ यार्ड रुंद होता. गोटे सरासरी तीन इंचांचे, गुळगुळीत. रणगाड्याचा पट्टा त्यावर चढत नाही, नुसता फिरतो आणि स्वतःलाच पुरतो. याला स्फोटकांचा काही उपयोग नाही. बुलडोझरने गोटे दोन्ही बाजूंना लोटून खालच्या घट्ट मातीपर्यंत जायचं, आणि बाजू ढासळणार म्हणून वाट गरजेपेक्षा रुंद ठेवायची.

ई-१ नावाच्या घळीकडे ३७ व्या इंजिनियर बटालियनचे प्रायव्हेट विंटन डव्ह यांनी बुलडोझर चालवून बांध फोडला आणि खंदक भरला. प्रायव्हेट विल्यम शूमेकर त्यांना आळीपाळीने सोडवत होते. चिलखताशिवाय, उंच आसनावर बसून, उघड्यावर. ओमाहावरची वाहनांसाठी उघडलेली ही पहिली वाट. खंदक भरताना काढलेलेच गोटे वापरले की दोन कामं एका फेरीत होतात.

इतरत्र

ब्रिटिशांच्या गोल्ड किनाऱ्यावर सुमारे २,५०० अडथळे होते, एकूण वजन ९०० टनांच्या आसपास. तिथे पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्या माणसांच्या तुकड्या आणि रॉयल इंजिनियर्सच्या फील्ड कंपन्या कामाला होत्या, पण वाऱ्याने भरती अपेक्षेपेक्षा लवकर चढवली आणि पहिल्या फेरीत थोडंच जमलं. तिथेही बाकीचं काम पाणी उतरल्यावरच झालं.

भारतीय सैन्याशी जोडलेलं एक उदाहरण ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्याचं. १२ जानेवारी १९४५ ला म्येबोन इथे उतरताना समोर पाण्यात लाकडी खुंट्यांची रांग होती. छोट्या पथकाने आधी गुपचूप जाऊन खुंट्यांना वेळ लावलेले भार बांधले आणि उतरण्याआधी वाट पडली. २५ व्या भारतीय डिव्हिजनची ७४ वी ब्रिगेड कमांडोंच्या मागून उतरली. तिथे खुंट्यांपेक्षा चिखलाने जास्त छळलं. खाडीच्या चिखलात ओहोटी म्हणजे मोकळी पुळण नव्हे, गुडघाभर गाळ. नॉर्मंडीतली घट्ट वाळू गृहीत धरून केलेला हिशेब खाजणात चालत नाही. खाजणात भरतीच्या माथ्यावरच उतरायचं आणि अडथळे आदल्या रात्रीच काढायचे.

लोखंडाचं पुढे काय झालं

नॉर्मंडीत भरतीच्या रेषेवर रचून ठेवलेले हेजहॉगचे रूळ महिनाभर तसेच पडून होते. आत शिरलेले रणगाडे तोवर मातीच्या उंच बांधांवर वाढलेल्या कुंपणांत अडकले होते. बांधावर चढताना रणगाड्याचं पोट उघडं पडे. १०२ व्या घोडदळ-टेहळणी स्क्वाड्रनचे सार्जंट कर्टिस क्युलिन यांनी रणगाड्याच्या नाकाला लोखंडी दात बसवायची कल्पना पुढे आणली. दात बांधाच्या मुळाशी घुसतात आणि रणगाडा वर न चढता आरपार जातो. जुलै १९४४ मधल्या ‘कोब्रा’ या अमेरिकी चढाईआधी असे सुमारे ५०० संच घाईने वेल्ड केले गेले, आणि त्यासाठी लोखंड किनाऱ्यावरच्या त्याच हेजहॉगमधून कापून आणलं.